स्वीडनचे सणाचे ताट, निव्वळ वनस्पतींचे

(एम. ए. भाग दोन, समाजशास्त्र)

मी वार्षिकांकासाठी स्वयंपाकावर लेख लिहीत आहे हे कळताच आमच्या वर्गातील एका मित्राने विचारले, "मग कविता कोणी लिहायच्या?" त्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला खरा, पण मनात एक खात्री होती. समाजशास्त्राच्या तासाला आम्ही 'परंपरा आणि परिवर्तन' या विषयावर पुष्कळ टिपणे उतरवून घेतली आहेत. त्या दोन शब्दांचा अर्थ मात्र मला पुस्तकात सापडला नाही. तो स्वीडनमधील एका वृद्ध बाईच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता सापडला. तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

बी. ए.ची परीक्षा झाल्यावर ऑगस्ट २०२२ पासून जून २०२३ अखेरपर्यंत मी दक्षिण स्वीडनमधील लुंड या गावी माझ्या थोरल्या बहिणीकडे राहिले. ताईला नुकते बाळ झाले होते आणि मदतीला घरचे माणूस हवे होते. ज्या घराच्या वरच्या मजल्यावर ती राहते, त्याची मालकीण खालच्या मजल्यावर एकटी राहते. वय सत्त्याहत्तर वर्षे. स्वीडनमध्ये १९६७ च्या सुमारास आदरार्थी संबोधने सोडून सर्वांनी सर्वांना एकेरीत हाक मारण्याची रीत पडली. तेव्हा तेथे प्राध्यापकालाही 'तू' आणि आजीलाही 'तू'. माझी जीभ काही तशी वळेना. म्हणून मी त्यांना 'आजी' म्हणू लागले. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनाही तो आवडला.

या आजींना एक नात आहे. शेजारच्या माल्मो शहरात ती शिकत होती. दोन वर्षांपूर्वी ती 'व्हीगन' झाली. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. मांस-मासे तर नाहीतच. पण दूध, लोणी, तूप, अंडी, मधसुद्धा खायचा नाही, असा हा आहार. २०२१ च्या ख्रिसमसला ती आपला जेवणाचा डबा घेऊन आजीकडे आली आणि सर्वांबरोबर टेबलाशी बसून तो डबा खाऊ लागली. त्यावरून तिचे वडील बोलले, ती उलट बोलली, आणि ती उठून गेली. पुढच्या ख्रिसमसला येणार नाही असे तिने कळवून टाकले होते. आजी ताईला म्हणाल्या, "तिने मांस सोडले, सोडू दे. पण तिने आमचे जेवण सोडले."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मांस सोडले तर जेवण सुटते का? स्वीडिश माणसाचे सणाचे ताट मांस, मासे, लोणी, साय यांनीच भरलेले असते. त्यातून ते काढून घेतले, तर जे उरेल त्याला स्वीडिश म्हणता येईल काय? त्या हिवाळ्यात मी या प्रश्नाचा स्वयंपाकघरात अभ्यास केला.

१. 'पारंपरिक' म्हणजे किती जुने?

आपण परंपरा म्हणतो तेव्हा ती अनादी कालापासून चालत आली आहे असे गृहीत धरतो. स्वीडिश जेवणाचा इतिहास पाहिला की हे गृहीत डळमळते.

बटाट्यावाचून स्वीडिश ताटाची कल्पनाच करता येत नाही. पण हा बटाटा तेथील सामान्य माणसाच्या घरात अठराव्या शतकाअगोदर नव्हता. योनास आल्स्ट्रमर याने १७२० च्या दशकात त्याच्या लागवडीचा पुरस्कार केला, तरी लोक लवकर वळेनात. पुढे एव्हा एकेब्लाड या बाईंनी बटाट्यापासून पीठ आणि मद्य काढण्याची रीत दाखवून दिली. त्याबद्दल १७४८ साली त्यांना स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीत घेण्यात आले. त्या अकादमीतील पहिली स्त्री सभासद ती बटाट्यामुळे!

दुसरे उदाहरण कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे, ज्याला 'कोल्दोल्मार' म्हणतात. बारावा कार्ल हा स्वीडनचा राजा १७०९ साली पोल्ताव्हाच्या लढाईत रशियाकडून हरला आणि तुर्कांच्या आश्रयाला गेला. तेथे तो १७१४ पर्यंत राहिला. तुर्कांचा 'दोल्मा' द्राक्षाच्या पानात बांधतात. राजाबरोबरच्या मंडळींनी आणि त्याच्यामागून कर्जवसुलीसाठी स्वीडनला आलेल्या लोकांनी हा पदार्थ उत्तरेस आणला असे मानतात. कायसा वार्ग या बाईंचे प्रसिद्ध पाकपुस्तक १७५५ साली प्रथम निघाले. अठराव्या शतकातील या पुस्तकात दोल्म्याची कृती आहे. थंड देशात द्राक्षवेल कोठला? म्हणून कोबीचे पान आले. आज ३० नोव्हेंबरला, म्हणजे राजाच्या मृत्युदिनी, 'कोल्दोल्म दिन' पाळतात.

मी हे आजींना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे द्राक्षाचे पान काढून कोबी घातला, तेव्हाही कोणाची तरी आजी रागावली असेल."

२. तीन प्रश्न

बदल करायचा म्हणजे एक वस्तू काढून तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू ठेवायची, असा माझा प्रथम समज होता. तो चुकीचा ठरला. अनेक फजित्यांनंतर मी तीन प्रश्न ठरवून घेतले आणि प्रत्येक पदार्थाला ते विचारू लागले.

पहिला : या पदार्थात प्राणिज वस्तू नेमके काय काम करते? मीठ देते की स्निग्धता? बांधून ठेवते की फुगवते?

दुसरा : हा पदार्थ डोळे मिटून ओळखायचा झाला तर कशावरून ओळखू? वासावरून, आंबट-गोडावरून, की दाताखाली येणाऱ्या गोष्टीवरून?

तिसरा : ताटात जे आधीच वनस्पतीचे आहे, ते कोणते? त्याला हात लावायचा नाही.

हे आपल्याला अगदीच परके नाही. विदर्भात पाटवडीचा रस्सा करतात. वडी बेसनाची; पण रस्सा, त्यावरचा तेलाचा तवंग आणि सोबतीची भाकरी सारे सामिष जेवणाच्या थाटाचे. पाटवडीला कोणी नकली मटण म्हणत नाही. ती स्वतःच्या नावाने मानाने उभी राहिली आहे.

३. गुरुवारचे सूप

पिवळ्या वाटाण्याचे 'आर्तसोप्पा' हे सूप स्वीडनमध्ये गुरुवारी करतात. शाळांतून, उपाहारगृहांतून आणि लष्कराच्या भोजनगृहांतून हा वार अजून पाळला जातो. जुन्या कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवण, असे त्याचे कारण सांगतात. धर्मपंथ बदलून शतके लोटली; गुरुवार तसाच राहिला. या सुपाला एक काळा इतिहासही आहे. चौदावा एरिक हा राजा १५७७ साली कैदेत मेला तो विष घातलेल्या वाटाण्याच्या सुपाने, अशी आख्यायिका आहे. १९५८ साली त्याची कबर उघडून तपासली, तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडले.

माझा पहिला प्रयत्न याच सुपावर झाला. मला वाटले, वाटाण्याची आमटी आपल्याला येतेच. मी डुकराचे मांस वगळले, वाटाणा शिजवला आणि वर हिंग-जिऱ्याची खमंग फोडणी दिली. आजींनी दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, "फार छान आहे. हे काय आहे?"

त्या प्रश्नात माझी परीक्षा नापास झाली होती. पदार्थ चांगला होणे आणि पदार्थ 'तो' होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग मी तीन प्रश्न विचारले. मांसाचे काम काय? खारटपणा, चरबी आणि किंचित धुराचा वास. सुपाची ओळख कशात? थाइम आणि मार्जोरम या दोन सुक्या पाल्यांत, आणि ताटाच्या कडेला ठेवलेल्या मोहरीच्या गोडसर चटणीत. वाटाणा, कांदा, पाला, मोहरी हे सर्व वनस्पतीचेच. म्हणजे बदलायचे ते फार थोडे होते.

कृती अशी. अर्धा किलो सुका पिवळा वाटाणा बारा तास भिजत घालावा. पाणी काढून दोन लिटर ताज्या पाण्यात दोन बारीक चिरलेल्या कांद्यांसह मंद आचेवर शिजवावा. मीठ प्रारंभी घालू नये. दीड-दोन तासांनी वाटाणा फुटू लागला की एक चमचा थाइम, एक चमचा मार्जोरम, मीठ आणि एक मोठा चमचा सोया सॉस घालावा. निराळा एक कांदा तीन चमचे तेलात चांगला तांबूस परतून, त्यात अर्धा चमचा धुरावलेल्या मिरचीची पूड, म्हणजे 'स्मोक्ड पॅप्रिका' टाकून ते वरून ओतावे. मोहरीची चटणी ज्याची त्याने घ्यावी. आपल्याकडे रगड्यासाठी जो पांढरा वाटाणा मिळतो तो या कामाला उत्तम. तो वाटाणा जवळजवळ हाच.

सुपानंतर पातळ पॅनकेक आणि मुरंबा हवाच. स्वीडिश प्रमाण तीन डेसिलिटर मैदा, सहा डेसिलिटर दूध आणि तीन अंडी असे आहे. तिकडच्या गृहिणी वजनापेक्षा मापाने मोजतात. एक डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. अंड्याचे काम येथे बांधून ठेवण्याचे. आपल्या धिरड्याला कोठे अंडे लागते? मी अडीच डेसिलिटर मैद्यात दोन मोठे चमचे बेसन, चिमूटभर मीठ, पाच डेसिलिटर ओटचे दूध आणि दोन चमचे तेल घातले, पीठ अर्धा तास ठेवले आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर घातले. पहिले पॅनकेक फाटले. पण ते तर सर्वांचेच फाटते असे आजी म्हणाल्या.

४. शोत्बुल्लर

स्वीडनबाहेर ज्या पदार्थाचे नाव सर्वांना ठाऊक असते तो म्हणजे हे खिम्याचे लहान गोळे. ताटात ते एकटे नसतात. बटाट्याचे पुरण, तपकिरी रस्सा, दाबून आंबट-गोड केलेली काकडी आणि लिंगोन नावाच्या लाल रानफळांचा न शिजवता साखरेत घोटलेला मुरंबा, असा तो संच असतो. लिंगोनमध्ये बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असते, म्हणून तो न शिजवताही टिकतो. आणि ही फळे रानातून वेचण्याचा हक्क स्वीडनमध्ये कोणालाही आहे, मग रान कोणाच्याही मालकीचे असो.

डोळे मिटून ओळखायचे तर या गोळ्यांचा वास 'ऑलस्पाइस' या मसाल्याचा असतो. मिरीपेक्षा जरा मोठे दाणे, आणि वास लवंग, दालचिनी व जायफळ एकत्र केल्यासारखा. तो नसला तर मांसाचे गोळेसुद्धा स्वीडिश लागत नाहीत.

दोन डेसिलिटर सोयाबीनचा सुका चुरा उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावा आणि मग अगदी घट्ट पिळावा. पहिल्या वेळी मी तो हलक्या हाताने पिळला आणि कढईत गोळ्यांची भुर्जी झाली. एक कांदा बारीक चिरून मऊ परतावा. एक डेसिलिटर पावाचा चुरा तितक्याच ओटच्या दुधात भिजवावा. एक मध्यम उकडलेला बटाटा कुस्करावा. हे सर्व एकत्र करून त्यात दोन मोठे चमचे बटाट्याचे पीठ, अर्धा चमचा ऑलस्पाइस, पांढरी मिरी, मीठ आणि एक चमचा सोया सॉस घालावा. मिश्रण अर्धा तास थंड जागी ठेवावे, मग सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळून तेलात सर्व बाजूंनी तांबूस करावेत. अंड्याने जे बांधायचे ते येथे बटाट्याचे पीठ बांधते. एव्हा एकेब्लाड बाईंचे ऋण असे फेडता येते.

रश्शासाठी अळिंबी आणि कांदा तांबूस परतून त्यावर एक मोठा चमचा मैदा भुरभुरावा, दोन डेसिलिटर भाज्यांचे पाणी आणि दोन डेसिलिटर ओटची साय घालून दाट होऊ द्यावे. रंगाला सोया सॉस. बाकीचे ताट जसेच्या तसे; पुरणात मात्र दूध-लोण्याऐवजी ओटचे दूध आणि तेल.

५. हेरिंगऐवजी वांगे

हेरिंग हा मासा आंबट-गोड पाण्यात मुरवून ख्रिसमसला, ईस्टरला आणि जूनमधील मध्यग्रीष्म सणाला खातात. त्याच्याऐवजी वांगे घालावे असे कोणी सांगितले तर आपण हसू. मीही हसले. पण स्वीडनमधील व्हीगन घरांतून ही रीत चांगली रुळलेली आहे.

येथे ओळख माशात थोडी आणि पाण्यात फार आहे. त्या पाण्याचे सूत्र तेथील प्रत्येक गृहिणीला पाठ असते : एक, दोन, तीन. एक भाग बारा टक्क्यांचा 'एत्तिका' नावाचा तीव्र शिरका, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. आपल्याकडील व्हिनेगर बहुधा चार-पाच टक्क्यांचे असते. तेव्हा एक डेसिलिटर एत्तिका आणि तीन डेसिलिटर पाणी यांऐवजी पाच टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे अडीच डेसिलिटर आणि पाणी दीड डेसिलिटर घ्यावे. साखर दोन डेसिलिटरच. हे ऑलस्पाइसचे दहा दाणे आणि दोन तमालपत्रे घालून उकळावे आणि पूर्ण गार करावे.

दोन मोठी वांगी सोलून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करावेत आणि मिठाच्या पाण्यात शिजवावेत. खरी कसोटी येथे आहे. सुरी सहज आत जावी, पण तुकडा अखंड राहावा. माझे पहिले वांगे इतके शिजले की त्याचे भरीत झाले. ते आम्ही वर नेऊन दाण्याचे कूट घालून खाल्ले. तुकडे निथळून बरणीत लाल कांद्याच्या आणि गाजराच्या चकत्यांबरोबर थर लावून भरावेत. समुद्राच्या वासासाठी नोरी या सुक्या समुद्रशेवाळाचा तळहाताएवढा तुकडा घालावा. गार झालेले पाणी ओतून बरणी निदान एक रात्र शीतकपाटात ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी. उकडलेले नवे बटाटे, शेपू आणि कुरकुरीत राईची भाकरी, म्हणजे 'क्नेक्केब्रॉड', यांच्याबरोबर खावे. चकचकीत, निसरडे, आंबट-गोड वांगे जिभेवर आले की हेरिंग कोठे संपले आणि वांगे कोठे सुरू झाले याचा विचार करावा लागतो.

६. दूध, लोणी आणि आमची फसगत

मी जन्मापासून शाकाहारी. त्यामुळे आजींच्या नातीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मोठ्या ऐटीने म्हणाले, "मीही तुझ्यासारखीच." तिने माझ्या हातातील दुधाच्या चहाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "आणि वासरू?" मला उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. मी दूध सोडलेले नाही. पण ते निष्पाप आहे असे म्हणायचे मात्र सोडले आहे.

योगायोग असा की ओटचे दूध ज्या गावात जन्मले त्याच गावी आम्ही राहत होतो. लुंड विद्यापीठातील रिकार्ड एस्ते या संशोधकाच्या कामातून १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते तयार झाले. ओट नुसते पाण्यात वाटून गाळले तर तापवताच त्याची खळ होते, कारण त्यात पिष्ट असते. एस्ते यांच्या पद्धतीत विकरे वापरून ते पिष्ट फोडतात. त्यातून माल्टोज ही साखर होते, म्हणून साखर न घालताही ते दूध गोडसर लागते. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो, तसलाच हा प्रकार.

या दुधाचा खरा उपयोग दिसतो तो भट्टीच्या पदार्थांत. येशूच्या उपवासकाळाआधीच्या मंगळवारी 'सेम्ला' नावाचा बन खातात. आडोल्फ फ्रेड्रिक हा राजा १२ फेब्रुवारी १७७१ रोजी भरपेट जेवणावर हा पदार्थ खाऊन मेला, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याची ओळख वेलदोड्यात आहे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील रानातले हे दाणे स्वीडनमधल्या बनात इतक्या सढळ हाताने पडतात की त्या वासाने मला घरची आठवण येई. कणकेतले दूध केवळ ओलावा देते. तेथे ओटचे दूध चालते. लोणी मऊपणा देते. तेथे वनस्पतीजन्य मार्गारीन चालते. वरच्या चकाकीला अंड्याऐवजी ओटच्या दुधात थोडी पाकट साखर. आत भरायचा बदामाचा लगदा मुळातच वनस्पतीचा. अडते ते वरच्या फेसाळ सायीपाशी. ती ओटची मिळते, पण नीट थंड नसेल तर फुलत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जुनाट चीजची चव मला कशानेही आणता आली नाही. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. असा आहार घेणाऱ्याने ते गोळीतून किंवा ते मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे. स्वीडनचे अन्नखातेही हेच सांगते. उत्साहाच्या भरात हे विसरू नये.

७. यान्सन

आता शेवटची आणि सर्वांत कठीण परीक्षा. ख्रिसमसच्या टेबलावरचा 'यान्सन्स फ्रेस्तेल्से', म्हणजे 'यान्सनचा मोह'. बटाट्याच्या सळ्या, कांदा, साय आणि 'आन्शोव्हिस' यांचा भट्टीत भाजलेला थर. नाव जुनाट वाटते, पण पदार्थ या नावाने रुळला तो विसाव्या शतकात. आजींपेक्षा फार मोठा नव्हे. आजी मात्र ठाम होत्या. "बाकी काहीही बदल. यान्सन नको."

मी डबा हातात घेऊन त्यावरचे घटक वाचून पाहिले. आन्शोव्हिस म्हणजे इंग्रजी अँचोव्ही नव्हेच; तो स्प्रॅट नावाचा बारीक मासा, आणि तो ज्या पाण्यात मुरवतात त्यात साखर, मीठ, दालचिनी, आले आणि चक्क चंदन! मी आजींना विचारले, "तुम्ही मासे घालता, मग डब्यातले पाणी टाकून देता का?" त्या म्हणाल्या, "छे! पाण्यातच तर सगळे आहे." आणि बोलता बोलता थांबल्या.

तेव्हा आम्ही दोघींनी ते पाणी केले. दीड डेसिलिटर पाणी, दोन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा मीठ, एक मोठा चमचा व्हिनेगर, दालचिनीचा तुकडा, ऑलस्पाइस, आल्याची चकती, तमालपत्र आणि नोरी. चंदन घरात नव्हते. हे उकळून गार केले आणि त्यात धिंगरी अळिंबीच्या परतलेल्या पट्ट्या रात्रभर ठेवल्या. एक किलो बटाट्यांच्या आगकाडीहून जराशा जाड सळ्या, तीन परतलेले कांदे, मध्ये अळिंबी आणि दोन चमचे केपर ही खारवलेली कळी, असे थर लावले. वर पाच डेसिलिटर ओटची साय आणि अळिंबीचे निम्मे पाणी, शेवटी पावाचा चुरा व तेल. २०० अंश सेल्सिअसला सुमारे एक तास.

पहिला यान्सन पाण्यासारखा पातळ झाला. दोष माझा. चिरलेला बटाटा पाण्यात टाकायची आपली सवय. त्यात सारे पिष्ट धुऊन गेले. दुधाची साय आपोआप दाट होते, ओटची तितकी होत नाही. तिला ते पिष्ट हवे असते. दुसऱ्या वेळी सळ्या धुतल्या नाहीत आणि थर असा जमला की सुरीने वडी पडावी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आजींनी नातीला दूरध्वनी केला. मी तेथेच होते. त्यांचे बोलणे स्वीडिशमध्ये चालले होते. ताईने मला नंतर सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी वेगळे काही केलेले नाही. यान्सन एकच आहे, सर्वांसाठी."

२४ तारखेला ती आली. टेबलाच्या एका टोकाला डुकराचे मांस होतेच. कोणी ते लपवले नाही आणि तिने त्यावर भाष्य केले नाही. मधोमध यान्सन होता. वडिलांनी प्रथम वाढून घेतला, एक घास खाल्ला, आईकडे पाहिले आणि काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतला. नातीने डबा आणला नव्हता. ती जेवली ते आमच्यासारखेच, एकाच भांड्यातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी आपली पाककृतींची जुनी वही काढली. पाने पिवळी पडलेली, कोपऱ्यांना लोण्याचे डाग. यान्सनच्या पानावर 'आन्शोव्हिस' हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्याशेजारी पेन्सिलीने 'अळिंबी, रात्रभर' असे लिहिले, आणि खाली आणखी एक ओळ : 'बटाटे धुऊ नयेत.' पान तेच ठेवले. मथळाही तोच ठेवला.